इंजिनात सापडलेला तुकडा कुणाचा? जुनी बुलेट-येझदी पहिल्यांदा खोलणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुनी गाडी मिळवणं फारसं अवघड नाही. कुणाच्या परड्यात ताडपत्रीखाली येझदी उभी असते, कुणाच्या गोठ्यात बुलेट. खरं काम इंजिन खोलल्यावर सुरू होतं. ऑइल सोडावं, केस वेगळी करावी आणि तळाशी असं काहीतरी निघावं की ज्याचा आगापिछा लागत नाही: एक बारीक स्प्रिंग, पिवळट चुरा, खड्यासारखं काहीतरी, कधी चक्क भाताचा कोंडा. नवखा माणूस इथे बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणत फडक्याने पुसून टाकतो, नाहीतर घाबरून अख्ख्या इंजिनाच्या पार्टची यादी करायला बसतो. दोन्हीत पैसे जातात, पहिल्यात जरा उशिरा.

तुकडा कशाचा आहे हा प्रश्न दुसरा. तो कुठे सापडला हा पहिला. जागा नोंदवली नसेल तर पुढच्या सगळ्या परीक्षा अर्ध्या उपयोगाच्या.

आधी काही धुऊ नका

इंजिन खाली उतरवलं की डिझेलचा डबा आणि ब्रश घेऊन बसायची घाई होते. ती टाळा. धुतलं की पुरावा गटारात गेला.

ऑइल गरम असताना तुकडे तरंगत बाहेर येतात, पण वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला केवळ ऑइल गरम करायला चालू करू नका. थंडच सोडा आणि वेळ द्या, रात्रभर गळू दे. खाली स्वच्छ परात ठेवा, तिच्यावर धुतलेला मांजरपाट ताणून बांधा. ऑइल गाळून खाली जातं, कण वर राहतात. प्रत्येक प्लगसाठी वेगळं कापड घ्यायचं आणि त्यावर मार्करने लिहायचं: ‘क्रँककेस’, ‘गिअर बॉक्स’, ‘चेन केस’. मोठे तुकडे ठेवायला स्वयंपाकघरातला जुना मिसळणाचा डबा उत्तम, वाट्या आयत्याच वेगळ्या असतात. (घरच्यांना विचारून न्या. परत देता येणार नाही.) उचलण्याआधी तुकडा जागेवर असतानाच मोबाईलवर फोटो काढा, शेजारी मापासाठी एक रुपयाचं नाणं ठेवा.

हत्यारं साधीच लागतात: चुंबक, सराफ वापरतात तसलं दहापट भिंग, व्हर्नियर, कानस, काचेचा तुकडा, सोल्डरिंग गन. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वापरा. पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं आपोआप वेगळं होतं. उघडं चुंबक भुग्यात घातलंत तर ते पुन्हा कधी साफ होत नाही.

कुठल्या खोलीत सापडलं?

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांचं घर. ऑइलची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात आहे, पण ती वेगळी. टाकीचा ड्रेन वेगळा, क्रँककेसचा वेगळा. गिअर बॉक्सचं वंगण स्वतंत्र, डावीकडच्या चेन केसचं स्वतंत्र. म्हणून गिअर बॉक्सच्या वाटीतला चुरा पाहून क्रँकला दोष देण्यात अर्थ नाही, तो तिथून येऊच शकत नाही.

टायमिंग कव्हरमधला फेल्टचा फिल्टर मात्र काढून नीट बघा. फीड पंपाकडून क्रँकच्या बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगकडे, जाणारं ऑइल त्यातून जातं. त्यात अडकलेले कण टाकीतून किंवा पंपातून आलेले, म्हणजे बिग एंडला पोचण्याआधीचे. क्रँककेसच्या तळाशी असलेले कण बिग एंड, पिस्टन, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्याकडून खाली पडलेले. एकच पिवळा चुरा फिल्टरमध्ये सापडला तर एक गोष्ट आणि तळाशी सापडला तर दुसरी. आणखी एक: बुलेट बरेच महिने उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं, आणि त्याच्याबरोबर गाळही येतो. तळाशी मऊ काळा गाळ भरपूर असेल तर लगेच काळजात धस्स व्हायचं कारण नाही.

येझदी आणि जावा टू-स्ट्रोक. म्हैसूरच्या आयडियल जावाने या गाड्या १९६१ ते १९९६ बनवल्या, त्यामुळे आपल्या भागात त्यांची संख्या आजही चांगली आहे. इथे क्रँककेसमध्ये साठवलेलं ऑइल नसतंच, पेट्रोलमधून येतं तेवढंच. क्रँककेसमध्ये कचरा आला तर तो कार्ब्युरेटरमधून, पिस्टन-बोअरमधून, क्रँकच्या बेअरिंगमधून किंवा ऑइल सीलच्या फाटलेल्या ओठातून. क्लच, प्रायमरी चेन आणि गिअर मात्र एकाच ऑइलमध्ये फिरतात. या ऑइलमधला चुरा तिघांपैकी कुणाचाही असू शकतो. उजवीकडे डायनॅमोच्या खोलीत काळी कोरडी पूड असेल तर बहुतेक ती कार्बन ब्रशची. ती तिथे असायचीच.

यामाहाच्या आरएक्स १००ला रीड व्हॉल्व्ह (पातळ पाकळ्यांची झडप) असतो. त्याच्या पाकळीचा कोपरा तुटला तर तो सरळ क्रँककेसमध्ये जातो. येझदीला रीड नाहीच, तेव्हा येझदीत पातळ पत्र्याची चकती निघाली तर दुसरीकडे शोधा.

चुंबकाला लागलं

चुंबकावर राखाडी, मऊ लोण्यागत लेप आला आणि चिमटीत चोळल्यावर कणकण लागली नाही, तर ती नेहमीची झीज. हाताला खर लागली की भिंग काढा.

पातळ खपली, एका बाजूला आरशासारखी गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला खडबडीत: ही बेअरिंगची किंवा रोलरच्या धावपट्टीची. पोलादाचा थर आतून थकून सुटतो, तो असाच सुटतो. अशी एक खपली दिसली तरी बेअरिंग बाहेर काढून प्रकाशात फिरवून बघायचं. ‘हाताने फिरवलं तर मस्त फिरतंय’ हा निकाल नव्हे, खड्डा पडलेलं बेअरिंगही ऑइलमध्ये बुडालेलं असताना मस्तच फिरतं.

जाडसर, दाणेदार मोड असलेला तुकडा, एखादी बाजू घासून चकचकीत: गिअरचा दात किंवा किकच्या रॅचेटचा दात. किक मारताना मधेच सटकते अशी तक्रार असेल तर आधी रॅचेट बघा. चौकोनी कापाचा, किंचित वळलेला आणि वाकवायला गेलात तर काटकन मोडणारा तुकडा पिस्टन रिंगचा. रिंग कास्ट आयर्नची असते, ती वाकत नाही. वाकला आणि परत सरळ झाला तर तो सर्क्लिप, म्हणजे गजन पिनचं लॉक. रिंगचा तुकडा समजून लॉककडे दुर्लक्ष केलंत तर गजन पिन बाजूला सरकून बोअरवर चर पाडते. म्हणून एवढी एक मोडण्याची परीक्षा जरूर करा. तुकडा अगदी छोटा असेल तर कानस लावा: सर्क्लिपवर ती सटकते, रिंगवर राखाडी पूड पडते.

बारीक गोल गुंडाळलेली स्प्रिंग पाहून नवखा माणूस हमखास गोंधळतो. कार्ब्युरेटरची? क्लचची? बहुतेक वेळा ती ऑइल सीलच्या ओठामागे बसवलेली गार्टर स्प्रिंग असते. सील ठोकून बसवताना ती निसटते. सील काढा, ओठामागचा खाच रिकामा असेल तर कोडं सुटलं. अर्ध्या चंद्रासारखी चपटी पट्टी म्हणजे शाफ्टवरची चावी, आणि ती दोन तुकड्यांत निघाली तर त्या शाफ्टवरचं चाक आपल्या जागेवरून फिरलंय का ते तपासा.

सुट्टा बॉल सापडला तर व्हर्नियर लावून लोक लगेच निष्कर्ष काढतात: ६.३५ मिलिमीटर म्हणजे पाव इंच, म्हणजे बुलेटचा. असं धरून चालू नका. ६२०४, ६२०५ अशा मेट्रिक बेअरिंगमध्येही आतले बॉल इंची मापाचेच असतात. या दोन्हींत ७.९४ मिलिमीटरचे, म्हणजे ५/१६ इंचाचे. मापावरून गाडी ठरत नाही. प्रत्येक बेअरिंगमधले बॉल मोजून कुठे कमी आहे ते बघणं हाच भरवशाचा मार्ग.

चुंबकाला लागलं नाही

इथे गंमत जास्त आहे. चकाकणारा पांढरा चुरा दिसला की ‘पिस्टन गेला’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. कधी खरं असतं, कधी नसतं.

ॲल्युमिनियम ओळखायला कॉस्टिक सोडा पुरतो. काचेच्या बाटलीत थोडं पाणी घ्या, त्यात चिमूटभर कॉस्टिक सोडा टाका (सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही), आणि त्यात कण सोडा. ॲल्युमिनियम असेल तर बुडबुडे उठतात. निघणारा वायू हायड्रोजन असतो, तेव्हा हे अंगणात करा, विडी-काडी लांब, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. हे द्रावण पिस्टनला, केसला लागू देऊ नका, ते त्यांनाही खातं.

कण फेसाळला नाही, मऊ आहे, नखाने किंवा सुरीने सहज चरा पडतो, तर गरम सोल्डरिंग गन टेकवून बघा. वितळला तर व्हाइट मेटल. तो बेअरिंगच्या मऊ लेपाचा अंश. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, सोल्डरिंग गनने त्याला काही होत नाही. जुन्या ३५० बुलेटच्या बिग एंडला रोलर नसून फ्लोटिंग बुश (मोकळं फिरणारं कडं) असतो, त्यामुळे क्रँककेसच्या तळाशी असा मऊ चुरा निघाला तर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून खेळ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. वितळवताना धूर नाकात घेऊ नका, त्यात शिसं असू शकतं.

ऑइलमध्ये पिवळी झाक, गणपतीच्या मखरावरची चमकी सांडावी तशी: ते पितळ किंवा ब्राँझ, म्हणजे कुठला तरी बुश. बुलेटमध्ये रॉडच्या वरच्या टोकाचा, गिअर बॉक्समध्ये शाफ्टचा. टू-स्ट्रोकच्या इनटेककडे पिवळा तुकडा मिळाला तर कार्ब्युरेटरचा जेट किंवा स्क्रू जागेवर आहे का ते बघा.

पांढरा, टणक, काचेवर ओरखडा काढणारा तुकडा बहुतेक स्पार्क प्लगच्या चिनी मातीचा. प्लग जागेवर अख्खा असला तरी तुकडा जुन्या प्लगचा असू शकतो. तारेच्या वेटोळ्याची, चुंबकाला न लागणारी गुंडाळी प्लगच्या भोकाच्या आसपास सापडली तर ती हेलिकॉइल: कुणीतरी हेडचे आटे दुरुस्त करताना बसवलेली स्टेनलेसची तार.

हलका तपकिरी तुकडा पाण्यात टाका. तरंगला आणि लाकडासारखा जळला तर कॉर्क, म्हणजे बूच. जावा-येझदीच्या जुन्या क्लच प्लेटांना बूच असतं आणि जुन्या बुलेटच्या टायमिंग कव्हरमध्येही छोटं कॉर्क सील मिळतं. काळा तुकडा जळताना काळा धूर देऊन टायरसारखा वास आला तर रबर, आणि मागे पांढरी राख राहिली तर सिलिकॉन. हे जाळणं चिमट्याने, उघड्यावर, पेट्रोलपासून लांब. एक अपवाद आवर्जून सांगतो: राखाडी, तंतुमय, न जळणारा तुकडा निघाला तर त्याच्याशी खेळू नका. जुन्या गॅस्केटमध्ये आणि क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते पाण्याने भिजवून पिशवीत बंद करा, कोरडं खरवडू नका, हवा मारू नका.

माती, गंज आणि पुराचा गाळ

आपल्या जिल्ह्यात ही परीक्षा फार कामाची. खानापूर, जांबोटीकडची माती तांबडी, जांभ्याची. अथणी, रामदुर्गकडची काळी. इंजिनात तांबडं काही दिसलं की गंज म्हणून सोडून देतात, पण जांभ्याच्या मातीतही लोहच असतं आणि रंगाने दोघं भाऊ-भाऊ. ग्लासभर पाण्यात ढवळा. गंज लवकर तळाला बसतो. चिकणमाती पाणी गढूळ करते आणि कितीतरी वेळ तसंच ठेवते, बोटांत चोळली तर चिकटते. शिवाय गंजाखाली धातूला खड्डे पडलेले असतात. मातीखाली धातू शाबूत असू शकतो.

केसच्या दोन्ही अर्ध्यांत, बेअरिंगच्या मागे, अगदी ऑइलच्या भोकांतही सारखा पातळ थर असेल तर गाडी पाण्याखाली गेली होती असं धरा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगेच्या काठच्या गावांत पाणी शिरलं होतं. तेव्हा बुडालेल्या गाड्या आजही फिरत-फिरत विकायला येतात, केए २२, केए २३ आणि एमएच ०९ अशा सगळ्या पाट्यांनी. नुसता एअर फिल्टर आणि इनटेककडेच मातीचा थर असेल तर ती धूळ फिल्टरमधून आत गेलेली, पुराची नव्हे. तेव्हा बोअरला वरच्या भागात ओठ पडलाय का ते नखाने तपासा, कारण मातीने रिंगा आणि बोअर सारखेच खाल्लेले असतात.

ॲल्युमिनियमच्या केसवर पांढरी, कुरकुरीत पूड म्हणजे पाण्याने झालेला ॲल्युमिनियमचा गंज. ऑइलचा पांढरट, ताकासारखा फेस म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी. पावसाळ्यात कणकुंबीकडे उभ्या राहिलेल्या गाडीत फेस निघणार नाही तर कुठे निघणार.

पाहुणे

वाळलेल्या मातीची छोटी नळकांडी, आत कोळ्यांचे सांगाडे: कुंभारमाशीचं घर. सायलेन्सरचं तोंड, कार्ब्युरेटर काढून ठेवलेला इनटेक, ऑइलचा उघडा पाइप या तिच्या आवडीच्या जागा. ही माती इंजिन फिरवलं की आत ओढली जाते, म्हणून किक मारण्याआधी टॉर्च लावून प्रत्येक भोकात डोकवा. एअर फिल्टरच्या डब्यात भाताचा कोंडा, कापडाच्या चिंध्या आणि काळ्या लेंड्या म्हणजे उंदीर. मास्क लावा, ओलं करून काढा.

माणसाने टाकलेलं

माझ्या मते न कळणाऱ्या कचऱ्यातला मोठा भाग झिजेचा नसतोच, आधीच्या हातांचा असतो. आणि सगळ्यात धोकादायक कचरा सगळ्यात देखण्या इंजिनात मिळतो.

‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ गाडी घेतलीत, केस चांदीसारखी चमकते, तर कापडावरचे कण भिंगाखाली बघा. एकसारखे, पूर्ण गोल, पारदर्शक मणी दिसले तर ते ब्लास्टिंगचे काचेचे मणी. केस चकचकीत करायला ते हवेच्या दाबाने मारतात, आणि नंतर ते ऑइलच्या भोकांत, आट्यांत, बेअरिंगच्या खोबणीत बसून राहतात. ऑइल गरम झालं की सुटतात आणि थेट बेअरिंगमध्ये जातात. वाळू असेल तर दाणे वेडेवाकडे, रंगीबेरंगी दिसतात. मणी दिसले की चर्चा संपली: इंजिन पूर्ण खोलायचं, सगळे प्लग काढायचे, प्रत्येक भोकात ब्रश आणि साबणाचं गरम पाणी, मग दाबाची हवा. नुसतं डिझेल मारून ते निघत नाहीत.

लेथवरचा कीस ओळखायला सोपा: धारदार, वळलेला, एका बाजूला हत्याराच्या रेघा. रीबोअर करून आणलेला बोअर पुरता न धुता बसवला की हा मिळतो. तांबूस, ठिसूळ, पारदर्शक पापुद्रा स्पिरिटमध्ये विरघळला तर तो शेलॅक, जुन्या मिस्त्रींचा लाडका. नव्या पिढीचा सिलिकॉन गॅस्केट आतल्या बाजूला शेवयांसारखा बाहेर येतो, तुटतो आणि पंपाच्या किंवा कार्ब्युरेटरच्या भोकात जाऊन बसतो. बुलेटच्या पंपासाठी मला सिलिकॉन शेलॅकपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. शेलॅक निदान चुरा होऊन जातो.

हिशेब जुळवा

आता प्रत्येक तुकड्याला मालक शोधायचा. पार्ट बुकमधलं त्या भागाचं चित्र समोर ठेवा आणि इंजिनातला प्रत्येक पार्ट त्याच्याशी ताडून बघा: सर्क्लिप, वॉशर, चाव्या, सगळं. तुकडा जिथून तुटला ती जागा सापडली आणि मोड एकमेकांत बसली तर काम झालं. तुटलेलं काहीच सापडलं नाही, सगळं पूर्ण आहे, तर तो तुकडा आधीच्या बिघाडाचा आहे: पार्ट बदलला, पण तुकडा आतच राहिला.

तो तुकडा फिरत्या भागांत अडकला होता की निवांत कोपऱ्यात पडून होता, हे खुणांवरून कळतं. पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये ठोकल्याचे खळगे असतील तर काहीतरी आत नाचलं. खळगे जुने, कार्बनने भरलेले असतील तर घटना जुनी. चकचकीत असतील तर ताजी. खळगेच नसतील आणि वर नट पडलेला असेल, तर तो बहुतेक आत्ता, खोलताना, तुमच्याच हातून पडला.

एखाद्या तुकड्याचा ठाव लागत नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये वाट्यांसकट जा. फाउंड्री आणि लेथवर आयुष्य काढलेली माणसं मोड बघून कास्ट आहे की फोर्ज, कडक केलेलं आहे की मऊ, हे क्षणात सांगतात. फक्त ‘हे काय आहे?’ विचारू नका. ‘हे गिअर बॉक्समध्ये, तळाशी, ड्रेनजवळ सापडलं’ असं सांगून विचारा, नाहीतर उत्तर ‘लोखंड’ एवढंच मिळेल.

परत बांधताना

मालक सापडला, पार्ट बदलला, तरी उरलेला कचरा वाटांमध्ये असतोच. बुलेटच्या टाकीचा तळ हात घालून पुसा, फेल्ट फिल्टर नवा टाका, क्रँकमधून जाणाऱ्या ऑइलच्या वाटेत साबणाचं पाणी आणि हवा मारा, पंपाच्या चकत्यांवर ओरखडे आहेत का ते भिंगाने बघा. येझदीत ट्रान्सफर पोर्टच्या खाचा आणि क्रँकच्या बेअरिंगकडे जाणारी ऑइलची भोकं तारेने नव्हे तर हवेने साफ करा, तार आत मोडली तर नवा तुकडा तयार.

पहिलं ऑइल साधं, स्वस्त घाला आणि पन्नासेक किलोमीटरनंतर गरम असतानाच सोडा, पुन्हा त्याच मांजरपाटातून. येझदीच्या गिअर बॉक्सलाही हेच. कापडावर फक्त मऊ राखाडी लेप उरला तर चांगलं ऑइल भरा. पुन्हा तोच कण, तोच रंग, त्याच खोलीत दिसला तर गाडी उभी करा आणि वाटी परत काढा.